जाधव सर दहापर्यंत मोजतात

रोज एकाच गाडीतून जाणाऱ्या माणसांकडे किस्से साचत नाहीत, भांडणं साचतात. त्यांचे किस्से नंतर होतात.

आम्ही तिघं शिक्षक जालन्याहून मंठ्याला अप-डाऊन करतो. एक आठवडा जाधव सरांची डिझेल गाडी, एक आठवडा छाजेड सरांची पेट्रोल. माझी गाडी नाही, म्हणून दोघांचंही ऐकून घ्यायचं काम माझ्याकडे! त्यात यंदा मला गाडी घ्यायचीच होती. माझी बायको रेखा पहिल्या बाळंतपणाला मंठ्यात माहेरी होती. बीपी वाढलेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "कळा सुरू झाल्या की दीड तासात जालन्यात, माझ्यासमोर." रात्रीसाठी सासऱ्यांनी शेजाऱ्यांची जीप सांगून ठेवली होती. दिवसाची जबाबदारी माझी. म्हणून पेट्रोल की डिझेल, हा प्रश्न मी दोघांनाही रोज विचारायचो.

*

जाधव सर आधी वडिलांची जुनी डिझेल जीप चालवायचे. तिची किल्ली अर्धी फिरवायची, थंड इंजिन गरम करणारी कॉईल तापू द्यायची, दहापर्यंत मोजायचं, मगच स्टार्टर. नव्या गाडीला याची गरज नाही. सरांना आहे! हजेरीला उशीर होत असला तरी एक, दोन, तीन...

"माझी पेट्रोल असती तं आतापर्यंत मंठा चौफुलीला लागलो असतो," छाजेड सर करवादतात.

"इंजिनला जल्दी चालत न्हाई, सर."

"हेडमास्तरला उशीर चालत न्हाई!"

*

छाजेड सरांच्या गाडीत ओव्हरटेकचा नियम आहे. सर "एसी!" म्हणाले की इंजिनला जोर मिळावा म्हणून पुढच्यानं एसी बंद करायचा आणि मागच्यानं तोंड.

एकदा कापसाच्या ट्रकला मागे टाकायला सर चौथ्या गिअरमध्येच बाहेर निघाले. समोरून टँकर. आमची गाडी ट्रकच्या बरोबरीनं चालली, पुढे काही जाईना. "गिअर पाडा!" जाधव सर ओरडले. तिसरा पडला, इंजिन किंचाळलं आणि आम्ही टँकरच्या तोंडातून आत आलो.

"डिझेल असतं तं गिअरला हातबी लावला नसता," जाधव सर म्हणाले.

"डिझेल असतं तं आवाजानंच टँकर थांबला असता!"

*

डिझेलवाल्यांनाही सुख नाही. सुट्टीत जाधव सर गाडी फक्त घराजवळ मस्तगडात भाजीला न्यायचे. एवढ्याशा फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही आणि सायलेन्सरच्या जाळीत काजळी साचते. एकदा भाजी घेतली आणि डॅशबोर्डवर दिवा लागला. मेकॅनिक फोनवर म्हणाला, "लांब दामटवा, मंग काजळी जळंल."

सर तसेच निघाले. शेजारी वहिनी, मांडीवर मेथी. दिवा विझला तो थेट मंठ्याच्या अलीकडे, वाटूर फाट्याला. तोवर वहिनींची मेथी निवडून झाली होती.

*

आमच्यात पंपावर उतरून सांगायचं काम गाडीमालकाचं नाही, पुढे बसलेल्याचं. आणि पाळी बदलते सोमवारी. एका सोमवारी गाडी जाधव सरांची, पुढे मी, आणि नेमका रेखाचा फोन. "सकाळपासून पाठ दुखून राह्यली."

मी फोन कानाला धरूनच, गेल्या आठवड्याच्या सवयीनं, पंपवाल्याला सांगितलं, "पेट्रोल." फोन ठेवला आणि मशीनकडे बघितलं. डिझेलच्या टाकीत पेट्रोल! आत सरांनी किल्ली अर्धी फिरवली होती.

"सर, थांबा!"

सर सातवर होते. दहा झाले असते तर इंजिन गेलं असतं. गाडी ढकलत बाजूला घेतली, टाकी रिकामी करायला मेकॅनिक बोलावला. रेखाचं दुखणं त्या दिवशी थांबलं, पण मला मान वर करायची सोय उरली नाही.

"मोजायचा फायदा बघितला का?" एवढंच जाधव सर म्हणाले.

*

पुढच्या आठवड्यात बुधवारी मधल्या सुट्टीत रेखाच्या कळा सुरू झाल्या. पाळी छाजेड सरांची, पण त्यांनी किल्ली पुढे केली. "जाधव सर, तुम्ही चालवा. माझ्याच्यानं न्हाई होणार." जाधव सर जन्मात पहिल्यांदा पेट्रोल गाडी चालवायला बसले. सासऱ्यांच्या दारातून रेखाला घेतलं, मागे मी तिचा हात धरून. माझी बोटं तिनं पिळून काढली.

उसाच्या ट्रॉलीमागे छाजेड सर म्हणाले, "गिअर पाडा," आणि जाधव सरांनी निमूट पाडला. रस्ताभर दोघं भांडले नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

जालन्यात दवाखान्याच्या गल्लीत रिक्षांची रांग. स्पीडब्रेकरवर सरांनी रेस न देता नुसताच क्लच सोडला. डिझेल तेवढ्यावर आपोआप सरकतं. पेट्रोल बंद पडलं! दवाखान्याचं दार शंभर पावलांवर दिसत होतं. सरांनी किल्ली अर्धी फिरवली आणि थांबले. त्यांचे ओठ हलत होते.

"काय करून राह्यले, सर?"

"एक... दोन..."

"हिला कॉईल न्हाई ओ!" छाजेड सर रडवेले होऊन ओरडले.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. रेखा उतरली होती. तिचा एक हात पोटावर, दुसरा मी पळत जाऊन धरला. मागून दोन्ही सर धावत आले. गाडी तशीच रस्त्यात.

नर्सनं चाकाची खुर्ची पुढे केली, कागद काढला. "मंठ्याहून ना? पेशंटला कशानं आणलं?"

जाधव सरांनी तोंड उघडलं. छाजेड सरांनीही.

"पायी आले," रेखा म्हणाली.