दादानं रागाला विचारलेला प्रश्न

पुतणीचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात होतो. मुलुंडहून, दादाच्या घरून फोन म्हणजे पुन्हा समजूत काढणार, म्हणून दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला. "काका, बाबा गेले..." एवढंच म्हणाली. दादाशी मी पाच महिने बोललो नव्हतो. आता त्याला जाऊन सव्वा महिना झाला.

दादा सातवीपर्यंत शिकला, कारखान्यात फिटर झाला आणि मला कॉलेजात घातलं. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे अजून छाती काढून सांगतो. दादा मात्र भयंकर तापट. सुपरवायझर एकदा सगळ्यांसमोर 'ए' म्हणाला, तर ह्यानं डबाच फेकून मारला. सस्पेंड झाला. मग कंपनीनं समुपदेशक बाईंकडे पाठवलं, तिथून एकच शब्द घेऊन आला: कशावरून? राग चढला की गप्प बसायचा आणि स्वतःशीच वाद घालायचा. त्यानं मुद्दाम केलं, कशावरून? मला मान मिळायलाच पाहिजे, हे ठरवलं कुणी? मी म्हणायचो, झाली ह्याची वकिली चालू. तो म्हणायचा, "हस रे. कायदा आपणच मनात करायचा, समोरच्याला सांगायचा नाही, आणि त्यानं मोडला की पेटायचं. येडेपणाच ना?"

मग पुतणीची लग्नपत्रिका आली. व्याह्यांकडच्या प्रत्येक नावापुढं पदवी, माझं नाव तेवढं नुसतं. दादानं मला त्यांच्यासमोर मुद्दाम कमी दाखवलं, असंच मी धरून बसलो. लग्नाला गेलो नाही. दादा फोनवर म्हणाला, "बाळ्या, एकदा स्वतःला विचार तरी, कशावरून?" सातवीवाल्यानं मला शिकवू नये, म्हणालो... आणि फोन ठेवला.

त्याच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका लिहायला वहिनीनं मलाच बसवलं. "भावोजी, तुमचं बी.कॉम. घाला," ती म्हणाली. "लग्नाच्या पत्रिकेत प्रेसवाल्यानं गाळलं. हे त्याच्यावरही चिडले नाहीत. म्हणाले, चुकतो माणूस. बाळ्याला कळेल, शिकलेला आहे."

मला कळलं नाही.

आता मी दादासारखा वाद घालत बसतो. माझ्यामुळे गेला, कशावरून? डॉक्टर म्हणतात, हार्ट होतं, तुमचा संबंध नाही. बरं. पण तो माझी वाट बघत होता, कशावरून?... ह्याला मात्र उत्तर आहे. वहिनी सांगते, त्या पाच महिन्यांतही दर रविवारी मटण झालं की तो पहिली वाटी माझ्यासाठी काढून ठेवायला लावायचा, संध्याकाळपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही. गेल्या रविवारी मी समोर पाटावर बसलेलो होतो, तरी वहिनीनं सवयीनं माझी वाटी काढली आणि झाकून बाजूला ठेवली.