खालांची भीती

आमच्या घरमालकीणबाईंना सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणे. त्यांच्याइतकं घाबरट माणूस नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे धुंडाळले तरी सापडायचं नाही, हे मी अगदी जबाबदारीने लिहिते. कुकरची शिट्टी होण्याआधी त्या अंगणात जाऊन उभ्या राहत. अनोळखी नंबरवरून फोन आला की तो उशीखाली सारून वर स्वतः बसत, आणि वाजणं थांबलं तरी पाच मिनिटं उठत नसत. सिलिंडर बदलायला येणाऱ्या माणसाला दारातच सांगत, "सांभाळून हां भाऊ, घरात शिकती पोरगी हाय." ती पोरगी म्हणजे मी. हदगावकडच्या एका खेड्यातून मी कॉलेजसाठी नांदेडला आले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली, त्यामुळे भीती माझ्याही पाठीवर बसलेली होती. वरची खोली दाखवताना खालांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तू कशाकशाला भितीस?" मी संकोचून म्हणाले, "इंग्रजीच्या पेपरला." त्या खूश झाल्या. "एवढंच? मग या घरात पहिला नंबर माझाच राहिला."

आता खरं वाटणार नाही, पण ही बाई नटी होती, तीही चाळीस वर्षांची मुरलेली. वडील शिंपी. एका हौशी नाटक मंडळीचे पडदे आणि पोशाख ते शिवत. एकदा राणीचं काम करणारी मुलगी आजारी पडली आणि शिवलेला शालू दुसऱ्या कुणालाच बसेना. तो बसला मशीनखाली चिंध्या वेचत बसलेल्या शिंप्याच्या पोरीला. "मला अभिनयासाठी नाही घेतलं गं, मापासाठी घेतलं," असं खाला सांगत. पुढे हदगावपासून उदगीरपर्यंत त्यांनी नाटकं केली आणि उतारवयात टीव्हीच्या मालिकांतही कामं मिळाली. त्यांचा चेहरा इतका मायाळू, की त्यांना हमखास मेलेल्या आईचं काम येई. म्हणजे एक दिवस मुंबईला जायचं, फोटो काढून घ्यायचा, आणि मग वर्षभर चंदनाचा हार घालून कुणाच्या तरी दिवाणखान्यात भिंतीवर लटकायचं. एकदा भाजीवाल्याने त्यांना गल्लीत बघितलं आणि त्याच्या हातातली कोथिंबीर गळून पडली. "मावशी, तुम्ही तर मागच्या महिन्यात गेल्या," तो म्हणाला. "जाऊन आले," खाला म्हणाल्या, "आता कोथिंबीर दे." मात्र घरी आल्यावर त्या स्वतःची नाडी धरून बसल्या. मालिकेवाल्यांनी तो हाराचा फोटो कौतुकाने भेट दिला होता. टाकला तर अपशकुन, लावला तर त्याहून मोठा. म्हणून तो कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून उभा असे.

इतकं घाबरणारं माणूस रंगमंचावर कसं जात असेल, हा प्रश्न मला पडला. त्यांच्याबरोबर प्रयोगाला जाऊ लागले तेव्हा त्याचं उत्तर मला विंगेत मिळालं. प्रवेशाआधी खालांना कुणाचं तरी मनगट धरायला लागायचं. तिसरी घंटा झाली की त्या शेजारच्या माणसाचा हात पकडत आणि नखं रुतेपर्यंत दाबत. प्रकाशयोजनेवाले, तबलजी, चहा घेऊन आलेले गृहस्थ, कुणीही चाले. नायगावला एकदा बंदोबस्तावरच्या हवालदाराचं मनगट सापडलं. तो बिचारा पूर्ण अंक विंगेतच उभा राहिला, कारण बाई परत येऊन पुन्हा धरतील की काय, हे त्याला कळेना. खालांचं म्हणणं असं, "भीती आत घेऊन जायची नसती. विंगेत कुणाच्या तरी हातात ठेवायची अन् मोकळ्या हातानं आत जायचं." गेल्या दोन वर्षांपासून ते मनगट माझं होतं. मी प्रॉम्प्टरही होते. खाली मान घालून वाचत राहायचं काम मला जमण्यासारखं वाटलं.

यंदा स्पर्धेसाठी बसवलेल्या नाटकात खालांची भूमिका मोठी होती. रस्ता रुंद होणार म्हणून घर पाडायला आलेल्या साहेबांसमोर एक म्हातारी उंबऱ्यात उभी राहते, आणि शेवटी तिचं लांबलचक बोलणं आहे. "मोजा साहेब, सगळं मोजा. पण उंबरा मोजू नका, त्याच्यावर माझी तीन माणसं बसायची." आम्ही रोज दुपारी तालीम करायचो आणि खाला रोज इथेच थांबायच्या. आधी मला वाटलं, त्या मुद्दाम थांबतात. मग एके दिवशी त्यांनी मला दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा विचारलं, "चहा घेतीस का?" मी कप धुऊन ठेवले. विषय त्यांनीच काढला. "दिग्दर्शक सरांना सांगू नको, पोरी. मी विसरून राहिले, हे मला कळतंय. ही एवढी एक भूमिका करू दे."

मी कबूल केलं आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. सांगितलं असतं तर भूमिका गेली असती. न सांगता भरल्या सभागृहात त्या गप्प उभ्या राहिल्या असत्या, तर चाळीस वर्षांची अब्रू माझ्यामुळे गेली असती. सर बँकेत नोकरी करून नाटक बसवायचे, भलं माणूस. ते रोज विचारायचे, "खालांचं पाठांतर कसं आहे?" मी म्हणायचे, "चांगलं आहे, सर," आणि माझ्याच आवाजाची मला भीती वाटायची.

प्रयोग लातूरला होता, दुपारी तीनला. नारळ फुटला, पहिली घंटा झाली, दुसरी झाली. मी बाही वर सारून मनगट तयार ठेवलं. तिसरी घंटा झाली. खालांनी हात धरला नाही. त्या शांत उभ्या होत्या, पडद्याकडे बघत, लग्नघरात आलेल्या पाहुण्यासारख्या. मी हळूच म्हणाले, "खाला, हात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कशाला?" त्यांना भीती वाटत नव्हती. घाबरायचं असतं, हेच त्या विसरल्या होत्या. तेवढ्यात पडदा उघडला आणि त्या चालत आत गेल्या.

दोन प्रवेश नीट झाले. मग ते बोलणं आलं. "उंबरा मोजू नका, त्याच्यावर माझी तीन माणसं बसायची," आणि खाला थांबल्या. मी पुढचं वाक्य दिलं. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा दिलं. समोरच्या साहेबाच्या कपाळावरचा रंग घामाने ओघळू लागला. सभागृहात कुणीतरी खोकलं. तेव्हा खाला साहेबाला म्हणाल्या, "थांबा. उन्हाचे आलात. पाणी आणते." हे नाटकात नव्हतं. त्या सावकाश विंगेकडे आल्या, अर्ध्या बाहेर, अर्ध्या आत, आणि त्यांनी अंधारात हात पुढे केला. मी माझा हात दिला. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती आणि नखं खोल रुतली. इतकं दुखूनही मला बरं वाटलं. मी कानाशी वाक्य सांगितलं. सरांनी पळत आपल्या डब्याच्या पिशवीतला तांब्या भरून दिला. खाला तांब्या घेऊन परत गेल्या, साहेबाला पाणी पाजलं, आणि तो पीत असताना उरलेलं सगळं बोलणं एका दमात बोलल्या. साहेबाचं काम करणारा मुलगा खरोखर रडला.

परीक्षकांना पाण्याचा प्रसंग फार आवडला. सर मेकअपच्या खोलीत धावत आले. "खाला, हे पाणी पुढच्या प्रयोगातही ठेवू."

खाला तोंडाचा रंग पुसत होत्या. "पाणी ठेवा, सर. बाई दुसरी बघा."

सर हसले. खाला हसल्या नाहीत. "मी विसरून राहिले, सर. ही पोरगी मला सांभाळून राहिली, तिला रागावू नका." सर खुर्चीवर बसले आणि बराच वेळ हातातल्या टॉवेलची घडी करत राहिले.

संध्याकाळच्या बसने आम्ही नांदेडला निघालो. अहमदपूर मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "नाटक कसं झालं गं?" मी सांगितलं. आता त्यांची भाची येऊन राहिली आहे, घर नीट चाललं आहे. मी कॉलेजातून आले की खाला अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या असतात आणि तेच विचारतात. मी पहिल्या घंटेपासून सुरू करते. पाण्यापाशी आले की त्या दर वेळी अडवतात. "पाणी? ते तर लिहिलेलं नव्हतं."

"नव्हतं, खाला."

"मग कुणी घातलं?"

"तुम्ही."

त्या जरा विचार करतात. "बरं घातलं," म्हणतात. मी पुढे सांगू लागते, तशी त्या खुर्ची थोडी मागे सरकवतात, हात मांडीवर ठेवतात आणि अंगणाच्या मागच्या भिंतीकडे मान वळवून म्हणतात, "मोठ्यानं बोल, पोरी. मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे."