सक्तीची विश्रांती

ऑफिसातले संगणक सांभाळणाऱ्या त्याला सगळे 'मास्तर' म्हणायचे. ताठ बसा, मान वर करा, डोळे जरा मिटा... दिवसभर लोकांच्या मागे लागायची त्याला खोडच होती. पण या वेळी मास्तरचा जीव थोरल्या बहिणीत अडकला होता. ताई त्याच ऑफिसात खालच्या मजल्यावर विम्याचे अर्ज टाइप करायची, आणि तिला आता साधं बटणही लावता येईना. बोटांना सारख्या मुंग्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, हाताला मधूनमधून विसावा द्या, नाहीतर हात कामातून जाईल.

मास्तर हट्टाला पेटला आणि त्यानं एक सॉफ्टवेअर बनवून खालच्या सगळ्या संगणकांवर टाकलं. बराच वेळ टायपिंग झालं की पडद्यावर एक मांजर येऊन ऐसपैस बसायचं. ते उठेपर्यंत काम बंद. आधी त्यानं 'नंतर' असं एक बटण दिलं होतं. टाइप करणाऱ्या बायकांनी तेवढंच दाबून दाबून त्याला वात आणला. शेवटी त्यानं ते बटणच काढून टाकलं आणि मोठा तीर मारल्याच्या थाटात खाली बघायला गेला.

मांजर बसलं होतं. आणि ताई? मान खाली घालून पुढच्या अर्जांवरचे आकडे पाठ करत होती! मांजर उठलं तशी तिची बोटं की-बोर्डवर तुटून पडली. शेजारच्या बाईंचंही तेच. मास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ताई, हात सोडून स्वस्थ बस म्हटलं होतं ना!"

"बसते की. आणि दिवसाचे अर्ज कोण पुरे करणार, तुझं मांजर?"

खरंच होतं. ठरलेल्या अर्जांतला एकही कमी झाला नव्हता. तो तडक साहेबांकडे गेला. अर्ज कमी करा, नाहीतर या विश्रांतीला काडीचा अर्थ नाही, म्हणून त्यानं डोकेफोड केली. साहेब मात्र सॉफ्टवेअरनं काढलेला आलेख बघण्यात गुंग. बोटांतल्या मुंग्या काही त्या आलेखात दिसत नव्हत्या.

"वा, मास्तर! विश्रांतीनंतर वेग बघा कसा वाढतोय. म्हणजे इतके दिवस या बायका रेंगाळतच होत्या. अर्ज थोडे वाढवायला हरकत नाही."

"साहेब, अहो, त्या घाबरून..."

"कमाल केलीत हं तुम्ही!"

अर्जांचा नवा, वाढीव आकडा त्याच दिवशी खाली पोचला. सुटताना ताई जिन्यात भेटली, उजवा हात काखेत दाबून उभी.

"मी बघतो, ताई. दुसरं काहीतरी करतो."

"नको रे," ती कळवळून म्हणाली, "आता माझ्यासाठी आणखी काही करू नकोस."