पेडणेकरांचा दोन घागरींचा समुद्र

फोन मेधाचा होता, म्हणजे पेडणेकरांच्या सुनेचा. मी नुकता आंघोळ करून आलो होतो, अंगावर टॉवेल. ती म्हणाली, "जाधवकाका, बाबा गेले... पहाटे, झोपेतच." आणि माझ्या तोंडून पहिलं जे निघालं ते हे : "टाकीत पाणी घातलं का?" इकडे माझ्या बायकोनं कपाळावर हात मारला. "अय्यो, माणूस गेला आणि तुम्ही पाणी काय विचारता!" विचारलं. परत तशी वेळ आली तरी तेच विचारीन. ज्यांनी ती टाकी पाहिली नाही त्यांना हे कळायचं नाही, म्हणून लिहायला बसलोय. मी शिकलो चौथीपर्यंत, तेही कन्नड शाळेत. पुरवणीवाल्यांनी माझं मराठी सुधारायला जाऊ नये. आहे तसं छापावं, नाहीतर परत द्यावं.

पेडणेकर वेंगुर्ल्याकडचे, पोस्टमास्तर होऊन निवृत्त झालेले. बायको गेल्यावर मुलानं त्यांना म्हैसूरला आणलं, गोकुलममध्ये, दुसऱ्या मजल्यावर. आम्ही इथलेच. आजोबा राजवाड्याच्या घोड्यांकडे होते, मी जन्मभर सायकलचं दुकान चालवलं. आमची गाठ पडली मराठी मंडळाच्या गणपतीत. मी त्यांना म्हटलं, "बनी की, प्रसाद घ्या, सुम्ने का उभे?" म्हणजे या की, उगाच का उभे. हा माणूस हसला. म्हणाला, "हे मराठी आहे की सांबार?" मी म्हटलं, "तुमचं मराठी परवाच्या बसनं आलंय. आमचं घोड्यावरनं आलंय." झालं, त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर भांडण ठरलेलं. पेडणेकरांना म्हैसूर आवडायचं, पण एक तक्रार होती. "इथं सगळं आहे हो जाधवराव, समुद्र तेवढा नाही." मी म्हणायचो, कावेरी आहे, टी. नरसीपूरला संगम आहे, कोटेकडे काबिनीचं धरण आहे, पाणी म्हणून किती पाहिजे? ते म्हणायचे, "नदी निघून जाते. समुद्र परत येतो." मी म्हटलं, आमची नदीपण येते की परत, पावसाळ्यात, पुलावर!

तर एक दिवस या माणसानं जाहीर केलं की घरात समुद्र करणार. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, काचेची टाकी, दोन घागरी पाणी मावेल एवढी. मला वाटलं कोपऱ्यात ठेवायची शोभेची टाकी, बुडबुडे सोडणाऱ्या बाहुलीची. तसं नव्हतं. पोस्टातला माणूस, आधी कित्येक आठवडे नुसता विचारच. टाकी कशावर ठेवायची, तर पाणी भरल्यावर हलत नाही अशा दगडी फळीवर. ऊन पडता कामा नये, नाहीतर शेवाळ. खिडकीच्या समोर नको, पंख्याखाली नको. मी म्हटलं, ही टाकी आहे का बाळंतीण? ते म्हणाले, "टाकी जितकी लहान तितकी चूक मोठी. मोठ्या समुद्रात कुणी थुंकलं तर काही होत नाही. इथं एक चमचा इकडे तिकडे झाला की सगळे मेले." तळाला शिंपल्यांची पांढरी वाळू. खरं प्रवाळ आणायचं नाही, कायद्यात बसत नाही, म्हणून सिमेंट आणि शिंपल्यांचे घडवलेले भोकाभोकांचे दगड. पाणी गरम ठेवायला काचेची कांडी, लाटेसाठी अंगठ्याएवढा पंप, आणि वर निळा-पांढरा दिवा. पंप पाहून मी म्हटलं, हवेचं मला शिकवू नका, मी चाळीस वर्षं हवा भरली आहे. त्यांनी तो माझ्या हातातनं हळूच काढून घेतला. "हा पाणी ढकलतो, हवा नाही."

मिठावरनं तर आमचं बोलणं बंद व्हायची वेळ आली. मी मोठ्या मनानं पिशवीभर कल्लुप्पु, म्हणजे आमचं जाडं खडे मीठ, घेऊन गेलो. ते नको म्हणाले. त्यांना डब्यातलं, माशांसाठी बनवलेलं मीठ पाहिजे. मी म्हटलं, "हे समुद्रातनंच निघालंय. मग परत समुद्रात गेलं तर काय बिघडलं?" ते म्हणाले, "बाकीचं सगळं गाळून टाकल्यावर उरतं ते हे. बाकीच्याशिवाय मासा जगत नाही." मी म्हटलं, मीठ ते मीठ. चिडले की ते गावाकडचं बोलायचे. "तुका काय कळता रे?" म्हणाले. मी पिशवी तिथंच ठेवून घरी आलो. दोन दिवसांनी मेधानं त्याच मिठात आंब्याचं लोणचं घातलं आणि बरणीभर माझ्याकडे पाठवलं, तेव्हा समेट झाला.

पेडणेकर खारं पाणी टाकीत घालायच्या आदल्या दिवशी मुरवायला ठेवायचे. फिल्टरच्या पाण्यात मीठ घालायचं, ढवळायचं, मग दुर्बिणीसारख्या नळीत एक थेंब टाकून डोळा लावून बघायचं, खारटपणा बरोबर आहे की नाही. हे सगळं स्वयंपाकघरातल्या झाकणाच्या पातेल्यात. मेधाला सांगितलं नव्हतं. मी संध्याकाळी गेलो, तिनं त्याच पातेल्यातल्या पाण्याची कॉफी केली. पहिला घोट घेतला आणि माझे कान गरम झाले. पण म्हैसूरचा माणूस दिलेली कॉफी टाकत नाही. मला वाटलं, कोकणात अशीच पीत असतील. मी पेला तळापर्यंत संपवला. वर म्हटलं, छान आहे. मग पेडणेकरांनी आपला पेला तोंडाला लावला, थांबले, माझ्या रिकाम्या पेल्याकडे बघितलं... आणि हसता हसता खुर्चीवरनं घसरले. "जाधवराव, तुम्ही समुद्र प्यालात!" मेधा कॉफी परत करायला धावली. मी सांगितलं, बेडा, नको, मला चव आवडली होती. अजूनही सांगतो.

टाकी भरली आणि मग काहीच झालं नाही. पाणी, दगड, दिवा, लाट, मासा नाही. आठवडे गेले. लहान बाटल्यांत टाकीचं पाणी घ्यायचं, तपासायच्या औषधाचे थेंब टाकायचे, हिरवा रंग आला, जांभळा आला, मान हलवायची. मंडळातले लोक समुद्र बघायला येऊन दगड बघून जायचे. मी विचारलं, "मासा कुठाय?" ते म्हणाले, "आधी जिवाणू जमले पाहिजेत. घाण पचवणारे. ते आले की मासा." "मला दिसत नाहीत." "देव तरी कुठं दिसतो? रोज उदबत्ती लावताच ना?" मी चिडलो. सगळ्यांच्या समोर मिशीला हात लावून म्हटलं, "यात मासा महिनाभर जगला तर मी ही उतरवीन!" माझी मिशी म्हणजे अशीतशी नाही. आजोबांच्या मिशीवरनं घेतलेली आहे, लग्नाच्या फोटोत माझ्याआधी मिशीच दिसते. पेडणेकर शांतपणे म्हणाले, "महिना भरला की मी वस्तरा घेऊन येईन."

शेवटी मासा आला. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा, अंगठ्याएवढा. समुद्रातनं पकडलेला नव्हे, हौदात वाढवलेला, हे ते प्रत्येकाला सांगायचे. पहिल्या दिवशी खाईना. पेडणेकर खुर्ची ओढून काचेसमोर बसले, त्यांनीही जेवण घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दाणा उचलला तेव्हा मला फोन. "जेवला!" एवढंच बोलून ठेवला. काचेवर त्यांनी मार्करनं एक काळी रेघ मारली होती. पाणी वाफ होऊन रोज कमी व्हायचं, ते सकाळी रेघेपर्यंत भरायचं, आणि भरायचं ते गोडं. यावरनंही भांडण. मी म्हणायचो, समुद्रात गोडं पाणी ओतलं तर समुद्र फिका पडणार की. ते म्हणायचे, "पाणी उडतं, मीठ राहतं." मी मानलं नाही.

आणि महिना भरायला थोडे दिवस उरले असताना मेधाचा फोन आला.

त्या घरात पाहुण्यांची गर्दी झाली, रडणं झालं, फोन झाले. टाकीकडे कुणाचं लक्ष असणार? मुलगा म्हणाला, काका, हे कुणाला तरी देऊन टाकू. मी म्हटलं, दहावा होऊ दे. आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी बाटलीत फिल्टरचं पाणी भरून मी गोकुलमला जायला लागलो. सुतकातल्या घरात रोज काय जाता, असं बायको म्हणाली. मी चपला घातल्या. रेघेपर्यंत पाणी घालायचं, चिमूटभर दाणे टाकायचे, गरम कांडीचा दिवा बघायचा. एकदा वीज गेली, पंप बंद पडला, तेव्हा मी तांब्यानं पाणी वर-खाली करत बसलो, हात भरून आला तरी. तेव्हा डोक्यात आलं, जाधव, अरे, हा मासा मेला तर तुझी मिशी वाचते! काही करायचं नाही, नुसतं घरी बसायचं... आणि तू लाटा करतोयस. मी तांब्या थांबवला नाही. हरायचं तर पेडणेकरांसमोर हरायचं होतं. ते नसताना जिंकून करू काय?

दहाव्याला सगळे टी. नरसीपूरला गेलो. महिना त्याच दिवशी भरत होता. संगमावर न्हाव्यानं मुलाचं डोकं केलं, मिशी काढली. भटजींनी विचारलं, "आणखी कोण?" मी पुढं होऊन बसलो. भटजी म्हणाले, "यजमान, तुम्ही गेलेल्यांचे कोण? भाऊ?" आमच्यात मिशी उतरवतात ती रक्ताच्या माणसासाठी. मी म्हटलं, "तुम्ही वस्तरा चालवायला सांगा." चार ओढीत आजोबा गेले. मुलानं माझ्याकडे बघितलं आणि तोपर्यंत धरून ठेवलेलं त्याचं सगळं बाहेर आलं. माझ्या गळ्यात पडून रडला. मंडळात अजून बोलतात, जाधवांनी परक्यासाठी मिशी दिली. पैज होती, एवढंच.

टाकी कुणाला दिली नाही. मेधा म्हणाली, "काका, तुम्ही येत असाल तर राहू दे." म्हणून जातो. त्यांचीच खुर्ची काचेसमोर आहे. मासा येतो, बिनमिशीचा कोण हा म्हणून बघतो, मग जातो. मेधा कॉफी आणते, आणि देताना दर वेळी सांगते, "गोड्या पाण्याची आहे हं." मीठ पाण्याबरोबर थोडं तरी उडत असणार, हे माझं मत अजून तेच आहे. पेडणेकर असते तर आज मी त्यांना पटवून दिलं असतं. पण पाणी मी गोडंच घालतो. रेघेपर्यंत.