टाकीत सोडलेला कंदील

लडाखच्या पोस्टवर माझं शेवटचं वर्ष होतं. मी इंजिनिअर्सचा हवालदार, गाव धारूर. लोकांना वाटतं, फौजी म्हणजे नुसती बंदूक. माझ्याकडं सांडपाणी होतं. हसा खुशाल. पोस्टच्या आंघोळीचं, संडासाचं, लंगरचं म्हणजे फौजी स्वयंपाकघराचं पाणी नाल्यात गेलं तर खालचं गाव तेच पिणार. म्हणून जमिनीत बंद टाकी होती. तिच्यात हवेशिवाय जगणारे जिवाणू घाण खातात आणि गॅस सोडतात.

थंडीत हे जिवाणू सुस्तावतात. म्हणून टाकी खोल पुरलेली, वर पेंढा आणि माती, आणि लंगरचं गरम पाणी थेट तिच्यात. रोज ०६०० ला काठी घालून गाळ किती चढला ते बघायचं. हे काम नायक सोपानचं. तो चकलांब्याचा, विहिरी खोदणाऱ्या नानांचा मुलगा. काम चोख, तोंड फटकळ. "उस्ताद, आपल्याकडं प्यायला टँकर, अन् हितं आपण घाण पाण्याला गोधडी पांघरतोय," म्हणायचा. मला तो लई आवडायचा.

हिवाळाभर गाळ साठला. मे महिन्यात ऊन तापलं, सगळा गाळ एकदम कुजायला लागला आणि बाहेर जाणारी नळी तुंबली. पाणी नाल्याकडं निघालं. सकाळी १०४० ला मी हुकूम दिला, आत उतरून नळी मोकळी करा.

आमच्याकडं जुन्या विहिरीत उतरण्याआधी दोरीनं कंदील सोडतात. विझला तर खाली हवा नाही, उतरायचं नाही. सोपाननं कंदील पेटवला. टाकीजवळ आग आणू नये, असा बोर्ड होता. आम्ही दोघं तो रोज वाचत होतो. पण आमच्या लेखी कंदील म्हणजे आग नव्हे, खबरदारी.

"सोडू, उस्ताद?"

"सोड."

ज्योत विझली नाही, मोठी झाली. "हवा हाय," सोपान म्हणाला, आणि टाकीतल्या गॅसनं पेट घेतला.

मी रेडिओवर गेलो. "कॅज्युअल्टी एक. भाजलाय. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"खिंडीत वारा आहे. वेट. आउट."

सोपान ११२५ ला गेला. हेलिकॉप्टर नंतर आलं.

चकलांब्याला मीच गेलो. नानांना एवढंच सांगितलं, गॅसचा स्फोट झाला. शिकवण बापाची, हुकूम माझा. चौकशीत मी कंदिलाचं आणि हुकुमाचं बोललो होतो, त्या म्हाताऱ्यापुढं मात्र भ्यालो.

रिटायर झालो त्या साली दुष्काळ होता. चकलांब्याच्या दूध सोसायटीनं घरोघरचं सांडपाणी साफ करून चाऱ्याच्या पिकाला द्यायचं ठरवलं आणि टाकी बांधायला मला बोलावलं. थंडीत टाकी संथ चालली, ऊन वाढलं तशी तिचीही नळी तुंबली. निरोप आला म्हणून दुपारी पोचलो. दोनातलं एक झाकण उघडं. काठावर नाना, खांद्यावर दोरी, पुढ्यात कंदील, हातात काडेपेटी.

"नाना, काडी ओढू नका."

"कावून? हवा न्हाई बघायची?"

काडेपेटी मी हातातून काढून घेतली. त्यांना हाताला धरून लांब लिंबाखाली नेलं आणि सांगितलं. कंदील, गॅस, माझं 'सोड', सगळं.

नानांनी खांद्यावरची दोरी खाली ठेवली.

"म्या शिकवलतं त्याला," ते म्हणाले.

"हो. आणि हुकूम माझा होता."

"मंग इतके दिस कावून न्हाई सांगितलंस, हवालदार?"

"धीर झाला नाही."

त्यांनी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

"जागच्या जागी गेला का?"

"नाही. पाऊण तासभर होता. शुद्धीवर होता."

"काय बोलला?"

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. "म्हणाला, उस्ताद, कंदील तर विझला न्हवता."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "न्हवता ना," ते म्हणाले. "बराबर केलतं त्यानं. जसं सांगितलं तसंच केलतं माझ्या लेकरानं."

गॅस निघून जावा म्हणून टाकीची दोन्ही झाकणं आम्ही उघडी ठेवली. त्या दिवशी कुणाला आत उतरू दिलं नाही. दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून होतो.