सुपरहिरो, फिलूबाय आणि नाताळचा डबा

मंडळी, नव्या सुपरहिरो टीमच्या कॉमिक्सचे पहिले दोन अंक आज फिलूबायने वाचून परत केले.

फिलूबाय माझी शेजारीण, इथे तोंडवलीत कुंपणापलीकडे राहते. माझ्या माडाचे नारळ तिच्या आवारात पडतात, त्यावरून आमचं बोलणं बंद आहे. तिचा नाताळचा डबा मात्र माझ्याकडेच राहिला होता. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, आणि भांडण चालू असताना लाडू कोण वळणार? म्हणून त्यात हे अंक घालून मी डबा तिच्या पायरीवर ठेवला. कॉमिक्सचं वेड दोघींना सारखंच.

आज ती कुंपणापाशी आली. म्हणाली, "पयल्या अंकात पाचय जण एकमेकांक बडवतत. दुसऱ्यात दुश्मन इलो, तेवा खंय एक झाले. आपणाक एक होवक कोण व्हयो गो?"

मी म्हटलं, "माका काय म्हायत?"

ती डबा देऊन गेली. आत अंकांखाली खोबऱ्याच्या वड्या होत्या. नारळ कोणाचा, ते मी विचारलं नाही.

डबा आता पुन्हा माझ्याकडे आहे. तिसरा अंक पुढच्या महिन्यात येणार. तोवर थांबू, की लाडू वळू?