जयदेवाचा सावडीचा दिवस

जयदेव आमच्या कुळगावचा, कमळाबाईचा थोरला. आगऱ्याचा पोर, पण ओल्या मातीतून तण मुळासकट उपटावं तसं गणित सोडवी. अंबरनाथच्या हायस्कुलात तो रोज चार मैल चालत जाई. वर्गात एकेचाळीस पोरं. एकवीस कारखान्यातल्या बाबूंची, चौदा निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंध्यांची, पाच आमची, नि एक ठाकरवाडीचा धाकलू. निकाल लागला की धाकलू नि आमची चार तळाला. मास्तर म्हणत, "शेतकऱ्याची जात, डोकंच चालत नाही." डोकं चालत होतं. पण आषाढात भातलावणी लागली की आमची पोरं तीन आठवडे चिखलात, आणि वर्ग तोवर पुढं निघून गेलेला.

जयदेव एकटा वर. त्याची नजर शाळेच्या हॉलमधल्या काळ्या फळीवर होती. दहावीच्या वार्षिकात पहिला येणाऱ्याचं नाव नि गाव तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहीत. कुळगावचं नाव तिच्यावर एकदाही आलं नव्हतं. ते आपण आणायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

नववीत कॅम्पातला टेकचंद आला, नि जयदेवाचा पहिला नंबर गेला.

मग जयदेवाला जेवण गोड लागेना. टेकचंदाचं मोत्यासारखं अक्षर, त्याचे तोंडी सोडवलेले हिशेब, सगळं त्याला सलायचं. पण सगळ्यांत जास्त सलायचं ते वेगळंच. तो आईला म्हणाला, "त्याला शेत नाय. लावणी नाय, कापणी नाय. बसतो नि वाचतो."

"अरं मेल्या," कमळाबाई म्हणाली, "त्यांचं शेतघर सगलं सिंधात रायलं. त्याचा हेवा करतंस?"

पण करत होता खरा. ज्याचं सारं गेलं, त्याच्या रित्या हातांचा हेवा.

दहावीच्या आषाढात जयदेव आठ दिवस शाळेत दिसला नाही, तेव्हा टेकचंद त्या आठ दिवसांचे धडे उतरवून थेट बांधावर आला. जयदेवानं वही घेतली, पण वर पाहिलं नाही. कमळाबाईनं मात्र पाहिलं.

"उभा कं रायलास, बाला? लाव हात."

टेकचंदानं विजार वर खोचली नि चिखलात उतरला. त्याची रोपं वाकडी पडत. शेजारची विठा ओरडली, "कमळे, ह्यो गोरा जावई कुठशी आनलास गो?" सगळं शेत हसलं. टेकचंदही हसला. जयदेव तेवढा हसला नाही.

दिवेलागणीला कमळाबाई म्हणाली, "तू आज आमच्यात राबलास. तुजा एक दिवस आमच्याकडं रायला. जयदेव येल फेडाला."

आमच्यात ही सावड. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. परक्या पोराला सावडीत धरायचं कारण नव्हतं, पण चिखलात उतरला तो सावडीतला, एवढंच तिला ठाऊक.

"मासी, मेरा खेत कहाँ है?"

"शेत नाय तर दुसरं काम सांग. दिवस ठेवाचा नाय."

फाल्गुनात, परीक्षा तोंडावर आली तेव्हा, टेकचंदानं तो दिवस मागितला. "जयदेव, मला मराठी शिकव. बाकी सगळं येतं, मराठीत मार खातो."

टेकचंद मागं पडला तर तो मराठीतच पडणार होता.

रविवारी तो कॅम्पाच्या बराकीत गेला. गोणपाटाचा पडदा, पलीकडं कुणाचं तरी म्हातारं माणूस खोकत होतं. पहिली कविता जयदेवानं वरवर सांगितली, दोन कडवी गाळली. टेकचंद मान डोलावून लिहून घेत होता. ती मान पाहून जयदेव मध्येच थांबला. दुसऱ्याच्या शेतात रोप विरळ लावणाऱ्याला आमच्यात पुन्हा कुणी बांधावर उभं करत नाही. तो म्हणाला, "थांब. पुन्हा पहिल्यापासून घेऊ." नि सूर्य कलेपर्यंत त्यानं दाट शिकवलं.

टेकचंद तीन गुणांनी पहिला आला. जयदेव दुसरा. काळ्या फळीवर कुळगाव याही वर्षी आलं नाही.

जयदेवानं त्याचा मराठीचा पेपर मागून घेतला. कुठंतरी एखादा गुण त्याला फुकट दिला असेल, म्हणून ओळ न् ओळ शोधली. चूक मिळाली नाही. मिळाली ती त्याचीच वाक्यं, बराकीत सांगितलेली, मोत्यासारख्या अक्षरात.

"हे मी सांगितलेलं."

"हां. सगळं तुझंच आहे," टेकचंद म्हणाला, आणि त्यानं बर्फीचा पुडा पुढं केला.

जयदेवानं बर्फी घेतली नाही. लोक त्याला मोठ्या मनाचा म्हणतात. मी एकदा तसं म्हटलं तर चिडला. "मन कसलं? दिवस फेडला, बस." आज तो कारखान्यात कारकून आहे. शाळेवरून जायची वेळ आली की तो रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, मान फिरवून जातो.